सुचेताताईंचं देणं

भरतनाट्यम नर्तकी सुचेता भिडे-चापेकर मला ओळखत नाहीत. त्यांच्यासमोर उभी राहून मी एक अडवूही शिकलेले नाही, की त्यांच्याशी कधी चार शब्द बोललेले नाही. तरीही मेहकरसारख्या गावात राहून आज मी जे काही करते आहे, त्याचं श्रेय द्यायचं झालं तर आईवडिलांनंतर पहिलं नाव त्यांचंच येतं. हे एकदा नीट लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

मेहकर हे बुलडाणा जिल्ह्यातलं पैनगंगेकाठचं जुनं गाव. बाहेरच्यांना ते शारंगधर बालाजीमुळे माहीत असतं, कवितेची आवड असलेल्यांना ना. घ. देशपांड्यांमुळे. आम्हा गावातल्या पोरींना मात्र बालाजीच्या खालोखाल ठाऊक होता तो कंचनीचा महाल. त्याच्यावर नाघंनी कविताही लिहिली आहे. कंचनी ही नर्तकी. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या गच्चीवरून दिसावा म्हणून तिनं मजल्यावर मजले चढवले, देवीचा कोप झाला आणि ती दगड होऊन पडली, अशी गोष्ट माझी आजी सांगायची. गोष्ट संपली की आजी न चुकता म्हणायची, "नाचनारीचं काई खरं नसते वं माय." आजीच्या मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं. पण नृत्य म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते ढासळलेलं दगडी बांधकाम यायचं आणि ती दगड झालेली बाई. दुसरं चित्रच नव्हतं. लग्नाच्या वरातीत मुलगे नाचत, महालक्ष्मीच्या जागरणात बायका फुगड्या घालत. घरंदाज मुलगी वर्षानुवर्षं बसून नृत्य शिकते, त्याचं शास्त्र असतं, ग्रंथ असतात, हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

पदवीसाठी पुण्याला गेले. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतली मुलगी भरतनाट्यमच्या क्लासला जायची. तिच्यासोबत एकदा गेले आणि तिथेच राहिले. वय उलटून गेलं होतं. इतर मुली सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात करतात, मी अठरा पूर्ण केलेली. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बैठकीत, बसले की मांड्या थरथरायच्या. "तै या तै" हे पहिलं तट्टडवू तिन्ही काळांत नीट यायलाच किती महिने गेले. बाईंनी कधी घाई केली नाही. (बाईंचं नाव त्यांनीच कुठे छापू नको म्हणून बजावलं आहे.) त्या मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांच्या तंजावूर नृत्यशाळेत शिकलेल्या. तट्टाकळीवर काठी आपटत बोल म्हणताना त्यांचं बोलणं अधूनमधून एकाच ठिकाणी जाऊन थांबायचं : आमच्या सरांचं काम समजून घ्यायचं असेल तर सुचेताचा कार्यक्रम बघा.

शिकत होते, पण मनात एक अंतर होतं. वर्णम् तमिळ किंवा तेलुगूत, पद तेलुगूत. बाई अर्थ सांगायच्या, आम्ही तो वहीत उतरवून पाठ करायचो. ओळ आली की हात उचलायचा, पुढची आली की मान वळवायची. हात बरोबर जायचे. चेहऱ्यावर मात्र पाठांतराची चिंता दिसायची, आणि बाईंच्या नजरेतून ते सुटत नसे. ही कला मोठी आहे, पण ती आपली नाही, आपण तिच्या दारातच उभं राहायचं, अशी माझी समजूत पक्की होत चालली होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत होते, पास होत होते. त्यापलीकडे काही अपेक्षा नव्हती.

त्या अवस्थेत मी सुचेताताईंना पाहिलं.

सभागृहात मागची जागा मिळाली होती. तंजावरच्या भोसले राजांच्या मराठी रचना सादर होणार, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. तंजावर आणि मराठी हे दोन शब्द शेजारी ठेवून मी कधी विचारच केला नव्हता. पद सुरू झालं. गाणारा आवाज कर्नाटक वळणाचा, मृदंगाचा नाद ओळखीचा, मंजिऱ्या, नट्टुवांगम सगळं तेच. आणि कानावर शब्द आले ते मराठी. जुने, थोडे वळणाचे, पण मराठी. नायिका सखीला काही विचारत होती. ताईंचा उजवा हात कटकामुख मुद्रेत छातीशी होता. तो जागचा हललाही नाही. फक्त डोळे सखी जिथे असावी तिथे गेले, क्षणभर थांबले, आणि विचारलेला प्रश्न आपण उगाच विचारला असं वाटून परत जमिनीकडे आले. पुढच्या वेळी तीच ओळ आली तेव्हा डोळे सखीपर्यंत पोचलेच नाहीत, अर्ध्या वाटेवरून फिरले. तिसऱ्या वेळी त्या किंचित हसल्या. संचारी म्हणजे काय, एकाच ओळीचा भाव कसा उलगडत न्यायचा, हे बाईंनी कितीदा तरी शिकवलं होतं. ते मला त्या दहाएक मिनिटांत कळलं, कारण पहिल्यांदाच ओळीचा अर्थ मला शोधावा लागत नव्हता. हात वहीतल्या अर्थामागे धावत नव्हते. शब्द आधी माझ्यापर्यंत येत होता आणि अभिनय त्याच्या पुढे कितीतरी लांब जात होता.

मध्यंतरात शेजारच्या बाई कुणाला तरी सांगत होत्या की ही सगळी सरफोजीराजांची निरूपणं. त्या रात्री वसतिगृहाचं फाटक बंद होण्याच्या बेतात मी पोचले आणि सकाळी उठून बाईंकडे गेले.

बाईंनी जे सांगितलं आणि पुढे मी जे वाचलं, ते थोडक्यात असं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं. त्यांचे पुत्र शहाजी 1684 मध्ये गादीवर आले. ते स्वतः कवी आणि नाटककार होते, तेलुगूत लिहीत तसे मराठीतही. पुढच्या तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा संगीतावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. आणि 1798 ते 1832 या काळात सरफोजी दुसरे. इंग्रजांनी त्यांच्याकडून राज्यकारभार काढून घेतला होता, हाती उरला तो किल्ला, ग्रंथालय आणि कला. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज जगभर भरतनाट्यमचा जो मार्गम् नाचला जातो, अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा, त्याची घडी या चौघांनी बसवली. त्याच दरबारात सरफोजींच्या नावावरची मराठी निरूपणं रचली गेली. एका कथासूत्रावर, एका रागात आणि एका तालात अठरा रचना : जयजय, शरणु, अल्लारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना असं करत मंगलापर्यंत.

म्हणजे ज्या दाराशी मी परकी म्हणून उभी होते, ते घर बांधताना आतमध्ये मराठी बोललं जात होतं.

या रचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होत्या. ग्रंथालयानं त्यांतल्या काही ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावानं छापूनही काढल्या होत्या. पण छापलेलं पुस्तक नाचत नाही. साहित्य कागदावर असतं, रागाचं आणि तालाचं नाव असतं. पाय कुठे पडावा, नजर कुठे वळावी, हे कागद सांगत नाही. मूळचे मालवणचे पार्वतीकुमार त्या कागदांमागे लागले. मराठी माणूस, मुंबईत भरतनाट्यम शिकवणारा, आणि तंजावरची मराठी समोर आलेली. त्यांनी त्या निरूपणांना नृत्याचा देह दिला. आणि तो देह रंगमंचावर उभा केला सुचेताताईंनी.

1948 सालचा त्यांचा जन्म. पार्वतीकुमारांकडे शिकून 1963 मध्ये, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या असतानाच, त्यांचं अरंगेत्रम, पहिलं जाहीर सादरीकरण, झालं. पुढे त्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या. किट्टप्पा हे त्या चार भावांच्याच वंशातले. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. चौघा भावांना आश्रय देणारे राजे मराठी. त्या राजांच्या मराठी रचना दीडशे वर्षांनी एक मराठी मुलगी त्याच भावांच्या वारसाकडून समजून घेते. वर्षानुवर्षांची मेहनत, संस्कृत-मराठीचा अभ्यास आणि संगीताची तालीम यांखेरीज हे कुणाला साधलं नसतं. सुचेताताईंकडे तिन्ही गोष्टी होत्या. शहाजी आणि सरफोजी या दोन्ही राजांच्या रचना त्यांनी अभ्यासल्या, नाचल्या, शिकवल्या. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, इतरही मान मिळाले. माझ्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यांत मोठं काम हेच : मराठी बोलणाऱ्या मुलीला त्यांनी दाखवून दिलं की या नृत्यात ती पाहुणी नाही.

हे कळल्यावर सुट्टीत गावी आले तेव्हा बाबांना म्हटलं, मला सिंदखेडराजाला जायचंय. त्यांना वाटलं, जिजाऊ जयंतीला. मी म्हटलं, गर्दी नसताना जायचंय. मेहकरहून सिंदखेडराजा काही लांब नाही. लहानपणी सहलीला जाऊन आले होते. लखुजीराव जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, पुढे रंगमहाल. रंगपंचमीला रंग खेळताना जिजाऊ आणि शहाजी यांचं लग्न ठरल्याची कथा त्या रंगमहालाशी जोडलेली आहे. तिथे उभी राहून मी बाबांना तंजावरची हकिकत सांगितली. शहाजीराजांचा एक मुलगा रायगडावर राजा झाला तो जिजाऊंचा. दुसरा, तुकाबाईंचा, तंजावरला. त्याच्या वंशजांनी मी शिकते तो नाच मराठीत रचला. बाबा शिक्षक, कमी बोलणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग शिक. पूर्ण शिक." तोवर त्यांनी माझ्या शिकण्याला नाही म्हटलं नव्हतं, पण होही म्हटलं नव्हतं. बाबांच्या तोंडून आलेल्या त्या दोन शब्दांमागे सुचेताताईंचा तो एक कार्यक्रम होता. हे ताईंना कसं ठाऊक असणार?

शिक्षण पूर्ण झालं, लग्न झालं, काही वर्षांनी घरच्या कारणानं मेहकरला परतणं भाग पडलं. पुण्यात राहिले असते तर एखाद्या क्लासला मदतनीस झाले असते. इथे काय करायचं? ओळखीच्यांच्या चार मुली आल्या. त्यांच्या आयांची अट एकच, फिल्मी शिकवू नका. जागा मिळाली ती एका जुन्या वाड्याची ओसरी. शहाबादी फरशीवर टाचा आपटल्या की मुलींचे पाय दुखायचे, म्हणून मग मागचं अंगण सारवून घेतलं. त्या मऊ जमिनीवर पायाचा आवाज उमटत नाही, पण टाच शाबूत राहते. अडवू झाले, अलारिपू झालं. पुढे गाडं अडलं. कर्नाटक संगीत गाणारं कोण इथे? व्हायोलिन नाही, मृदंग नाही. कॅसेट लावून शिकवायचं म्हटलं तर ती थांबवायची, मागं न्यायची, मुलींची लय तुटायची. टेपवर नाच बसतो, पण मुलगी त्यात अडकते, असं मला आजही वाटतं.

तेव्हा परत सुचेताताईच उपयोगी पडल्या. ऐंशीच्या दशकात त्यांनी ‘नृत्यगंगा’ नावानं एक मोठं काम सुरू केलं होतं : हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यमच्या रचना. त्या काळी हे सोपं नव्हतं. दक्षिणेतल्या जाणकारांना ते परंपरा सोडल्यासारखं वाटू शकत होतं आणि महाराष्ट्रातल्या रसिकांना भरतनाट्यम म्हणजे कर्नाटक संगीत हेच ठाऊक. पण ज्यांनी तंजावरच्या परंपरेचा गाभाच इतका जवळून हाताळला होता, त्यांनाच हे करण्याचा अधिकार होता. त्यांनी अडवूंचं व्याकरण सैल केलं नाही, अरमंडी ढिली केली नाही. राग बदलला, पण अंगशुद्धी बदलली नाही. हा फरक मी पुण्यात असताना पाहिला होता, पण त्याची किंमत मला मेहकरला आल्यावर कळली.

आमच्या गल्लीत भजनी मंडळ होतं. त्यातल्या पेटीवाल्या काकांना मी विचारलं, मोहनम् वाजवाल का? त्यांनी नावच ऐकलेलं नव्हतं. मी आरोह गाऊन दाखवला. ते म्हणाले, "हा तं भूप हाय." खरंच, भूपच तो. कर्नाटक संगीतातला हिंदोलम् म्हणजे आपला मालकंस, कल्याणी म्हणजे यमन. आदितालाच्या आठ मात्रा भजनी ठेक्याच्या आठ मात्रांशी जुळल्या. पखवाजवाल्या दादांना पहिले काही आठवडे जती कळेनात. पण वारकरी पखवाज वाजवणाऱ्या माणसाचा हिशेब पक्का असतो. एकदा "तकधिमी तकझणु" त्यांच्या बोटांत बसलं की ते मला चुका दाखवायला लागले. असा आमचा वाद्यवृंद जमला. सुचेताताईंनी वाट पाडून ठेवली नसती तर हे करण्याची माझी हिंमतच झाली नसती. मी काही नवं केलं नाही. त्यांनी पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर, पूर्ण तयारीनिशी, सगळ्यांसमोर जे सिद्ध केलं, त्याच्या आधारानं एका अंगणात मुली शिकत राहिल्या, एवढंच.

ताईंनी 1988 मध्ये पुण्यात कलावर्धिनी ही संस्था सुरू केली. तिथून तयार झालेल्या नर्तक-नर्तकींचे कार्यक्रम मी जमेल तसे पाहत आले. प्रत्येक वेळी वही घेऊन जाते. परत आल्यावर मुलींना काय सांगायचं, हे त्या वहीवरून ठरतं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही ताईंनी शिकवलं. मी तिथे जाऊ शकले नाही, याची खंत आहे. पण तिथे शिकलेल्या एकीनं आमच्या मुलींना दोन दिवस येऊन शिकवलं, तेव्हा ती हात धरून कोपर उचलायची पद्धत, ती मान वळवण्याआधी डोळा वळवायची सवय मला ओळखू आली. त्या रात्री सभागृहात मागच्या रांगेतून पाहिलेली तीच.

पुढे एकदा तंजावरला जाणं झालं. बृहदीश्वराच्या मंदिरात सगळे नंदी आणि शिखर पाहत होते. मी भिंतीशी गेले. सरफोजींनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत आहे, देवनागरीत. एवढ्या दक्षिणेत, हजार वर्षांच्या चोळ मंदिरात, वाचता येणारी अक्षरं. बोट ठेवून वाचत गेले. शहाजीराजांचं नाव सापडल्यावर तिथेच थांबले. मार्गदर्शक म्हणाला, हे कुणी वाचत नाही. सरस्वती महालात मोडीतल्या कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले. त्यांतलं एखादं पान कुणीतरी उघडतं, मग दुसरं कुणीतरी ते अंगावर घेतं, तिसऱ्याला शिकवतं, तेव्हा कुठे मेहकरच्या मुलीपर्यंत ते पोचतं. पार्वतीकुमारांनी उघडलं, किट्टप्पा पिळ्ळैंनी दिलं, सुचेताताईंनी अंगावर घेतलं.

आता क्लासला मुली बऱ्याच आहेत. काही आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. त्यांच्या घरून विरोध झालाच तर मी भरतनाट्यम या नावानं सुरुवात करत नाही. सिंदखेडराजापासून सुरुवात करते आणि तंजावरला पोचते. बहुतेक आयांना शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं असतं. परवा एक आजी म्हणाल्या, "म्हंजे हे जिजाऊच्या सासरच्याईचंच हाय." मी हो म्हटलं.

प्रत्येक मुलीच्या वहीत नवी रचना लिहायची तेव्हा डोक्यावर तिचा रस्ता लिहायचा, असा नियम आहे. कुणाची, कुठून आली, कुणी बसवली. निरूपणातलं पद असलं की मुली लिहितात : सरफोजीराजे, तंजावर. आचार्य पार्वतीकुमार, मुंबई. सुचेता भिडे-चापेकर, पुणे. मग माझ्या बाई, आणि मग रचना. यंदा मोठ्या मुलींनी विचारलं, ताई, सुचेताताईंच्या शिष्यांचा पुण्यात कार्यक्रम असेल तर आपल्याला नेशील का? मेहकर ते पुणे रात्रीची गाडी आहे. पण एवढ्या मुलींना घेऊन जायचं तर सोबत दोन आया हव्यात. त्यांच्या घरी विचारणं चालू आहे, आणि पेटीवाल्या काकांनी आपणही येणार म्हणून आधीच सांगून ठेवलंय.